जालहळ्ळीचे व्हॉल्व्ह, बेळ्ळंदूरचा दिवाणखाना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावावर विमाने उतरत. कॅटॅलिना जातीची ही अमेरिकी बनावटीची समुद्री विमाने दुरुस्तीसाठी जवळच्याच हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात नेली जात. म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये तो कारखाना काढला होता सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. विमानाला इंजिनाइतकाच बिनतारी संचाचा आधार असे, आणि त्या काळी बिनतारी संच म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हची रांग. आज त्याच तलावाकाठी रिंग रोड आहे, आयटी कंपन्यांचे मनोरे आहेत, आणि पुण्या-नागपूरहून, कोल्हापूर-बेळगावहून आलेली कितीतरी मराठी घरे आहेत. तलावाची कीर्ती मात्र आता फेसाची आणि पाण्याला लागणाऱ्या आगीची.

अशा एखाद्या घरात कुणाला व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर गाणे ऐकावेसे वाटले, की शोध सुरू होतो तो चीन, जपान, इंग्लंड, अमेरिका या क्रमाने. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालहळ्ळीत, हेच व्हॉल्व्ह एकेकाळी कारखान्यात तयार होत आणि देशभरच्या रेडिओंत जाऊन बसत, ही गोष्ट त्या शोधात सहसा येत नाही. ती आली तर निवड पुष्कळ सोपी होते.

व्हॉल्व्हची मूळ कथा छोटी आहे. जॉन अँब्रोज फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरे टोक घातले, तो ट्रायोड. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, पलीकडच्या पत्र्याकडे धावतात आणि मधल्या तारांच्या जाळीवर विजेचा दाब किंचित बदलला की तो प्रवाह खूप बदलतो. लहान संदेशाचा मोठा आवाज होतो तो एवढ्याने. १९२६ मध्ये फिलिप्सच्या बर्नार्ड टेलेगेनने पाच टोकांचा पेंटोड बनवला आणि घरातल्या रेडिओला खरा आवाज आला. गंमत अशी, की बंगळुरूत तेव्हा वीज जुनी झाली होती. कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यांना मिळाली होती. रेडिओ लावायला लागणारी पहिली गोष्ट इथे हजर होती.

रेडिओ केंद्रही फार लांब नव्हते. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये राहत्या घरी एक प्रक्षेपक बसवला. ताकद फक्त ३० वॅट, म्हणजे आजच्या एका बऱ्यापैकी स्टिरिओ अँप्लिफायरएवढी. त्या केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले.

म्हैसुरातच घरगुती श्रवणाचे दुसरे टोकही होते, राजवाड्यातले. महाराज जयचामराज वडियार पियानोचे आणि पाश्चात्त्य संगीताचे गाढे जाणकार. ग्रामोफोन कंपनीचा प्रसिद्ध निर्माता वॉल्टर लेग १९४६ मध्ये म्हैसूरला आला तेव्हा राजवाड्यातला प्रचंड रेकॉर्ड-संग्रह आणि लाऊडस्पीकरांचा ताफा पाहून थक्क झाला. लंडनमध्ये आजारी, विस्मृतीत गेलेला रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर याच्या रचनांचे ध्वनिमुद्रण महाराजांच्या पैशाने झाले. मेट्नरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. रिचर्ड श्ट्राउसच्या शेवटच्या चार गीतांचा पहिला प्रयोग २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, त्यालाही म्हैसूरच्याच तिजोरीचा टेकू होता. ट्रान्झिस्टर प्रयोगशाळेत जन्मला १९४७ च्या अखेरीस. त्यामुळे राजवाड्यातला तो सगळा आवाज व्हॉल्व्हमधूनच आलेला, हे वेगळे सांगायला नको.

राजवाड्याबाहेर मात्र एका घरात एक रेडिओ, बहुतेकदा एका आळीत एक. मराठी मुलखात ठाण्याला मर्फीचा कारखाना होता आणि त्याच्या जाहिरातीतले तोंडावर बोट ठेवलेले बाळ भिंतीभिंतीवर. छपरावर तांब्याच्या जाळीचा एरियल, कोनाड्यात किंवा उंच फळीवर संच, त्यावर क्रोशाचे झाकण, आणि दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरायचे. बटण फिरवले की आधी डायलचा दिवा लागे. मग हलकी घरघर, आणि अर्ध्या मिनिटाने आवाज. व्हॉल्व्ह तापल्याखेरीज बोलत नाही, म्हणून कार्यक्रमाच्या जरा आधीच रेडिओ लावून ठेवायची घरोघरची रीत होती.

त्या रीतीची कसोटी लागली १९५५ मध्ये. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर चाललेल्या या मालिकेत ५६ गीते झाली. गीत लागायच्या वेळी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, असे त्या पिढीची माणसे आजही सांगतात. तो आवाज आठवणीत इतका गोड का राहिला, याचे श्रेय अर्थातच आधी कवी, संगीतकार आणि गायकांचे. पण तो ज्या पेटीतून आला तिच्याकडेही एकदा पाहावे. जाड लाकडाचे खोके, एकच कागदी कोनाचा स्पीकर, आणि शेवटच्या टप्प्यावर एकच पेंटोड, चारेक वॅटांचा. एवढ्यावर वाड्याचा चौक भरून जाई.

त्याच काळात दिल्लीत नभोवाणी खाते होते पुण्याच्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली आणि १९५२ मध्ये रागसंगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. केसकरांना नावे ठेवणारे पुष्कळ, आणि त्यांच्या चुका लहान नव्हत्या. तरी शनिवारी रात्री दीड तास शास्त्रीय गायन ऐकायची सवय हजारो घरांना लावली ती त्यांनीच. आज व्हॉल्व्हचा अँप्लिफायर शोधणाऱ्या पन्नाशी-साठीच्या मराठी श्रोत्याचे कान कुठे तयार झाले, याचा माग काढला तर तो अशा रात्रींपर्यंत जातो.

आता जालहळ्ळी.

युद्धकाळात बंगळुरूच्या उत्तरेला, जालहळ्ळीच्या माळावर, इटालियन युद्धकैद्यांच्या छावण्या आणि लष्करी इस्पितळे होती. स्वातंत्र्यानंतर बंगळुरूत सरकारी कारखाने एकापाठोपाठ आले. १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये यंत्रांचा, आणि १९५४ मध्ये जालहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्स. सगळे शहर त्याला ‘बेल’ म्हणते. फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीचे तांत्रिक सहकार्य होते आणि काम मुख्यतः लष्कराच्या दळणवळण यंत्रांचे. पण यंत्रे जोडायची आणि त्यातले व्हॉल्व्ह बाहेरून आणायचे, तर परकीय चलनाचे भोक तसेच राहणार. म्हणून १९६१ मध्ये बेलने रेडिओचे व्हॉल्व्ह स्वतः बनवायला घेतले. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याच आवारात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टरही बनू लागले. व्हॉल्व्ह आणि त्याला संपवणारा त्याचा वारस यांच्या जन्मात जालहळ्ळीत जेमतेम एका वर्षाचे अंतर पडले.

व्हॉल्व्ह बनवणे हे नाजूक काम. निकेलच्या बारीक नळीवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप द्यायचा, हा कॅथोड. त्याच्या पोटात तापणारी तार. भोवती केसासारख्या तारेची जाळी, ठरलेल्या अंतराने गुंडाळलेली, कारण अंतर चुकले की व्हॉल्व्हचा स्वभावच बदलतो. हे सगळे अभ्रकाच्या चकत्यांत अडकवायचे, काचेत बंद करायचे, हवा काढायची आणि शेवटी आत बेरियम जाळायचे. ते उरलीसुरली हवा शोषते आणि काचेच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग सोडते. जगभरच्या व्हॉल्व्ह कारखान्यांत हे जोडकाम बहुतेक ठिकाणी स्त्रियांनी केले आहे. जुना व्हॉल्व्ह विकत घेताना पहिली नजर त्या चंदेरी डागाकडे जावी. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, आणि दुकानदाराची उरलेली कथा ऐकण्यात अर्थ नाही.

बेलचे व्हॉल्व्ह युरोपीय नावांचे होते, आणि ही नावे वाचता आली तर निम्मे कोडे सुटते. ईएल८४ मधला ई म्हणजे ६.३ व्होल्टवर तापणारा, एल म्हणजे शेवटच्या टप्प्याचा पेंटोड. ईसीसी८३ मधले दोन सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. आठच्या आकड्याने सुरू होणारे हे सारे नऊ पिनांचे, एकाच मापाच्या सॉकेटात बसणारे. ईएल८४ आणि ईसीसी८३ या दोन्ही जाती जालहळ्ळीत बनल्या आणि आजही ‘बेल’ असे छापलेल्या डब्यांत, जुन्या साठ्यातून, अधूनमधून हाती लागतात. परदेशातले गिटारवाले आणि संगीतवेडे त्या आवडीने घेतात. बंगळुरूच्या एसपी रोडवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास एखाद्या जुन्या दुकानदाराच्या वरच्या फळीवर अजून एखादा डबा निघूही शकेल. पण त्यावर भिस्त ठेवू नये.

या दोन जाती इतक्या महत्त्वाच्या का, तर जगातला सर्वांत शहाणा घरगुती अँप्लिफायर त्यांच्यावरच उभा आहे. इंग्लंडमध्ये युद्धानंतर घरी उत्तम आवाज मिळवायची चढाओढ लागली होती. लीक कंपनीने १९४५ मध्ये विकृती एक दशांश टक्क्यावर आणल्याचा दावा केला. डी. टी. एन. विल्यमसनने १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आपला आराखडा छापला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. क्वाडचा दुसरा अँप्लिफायर १९५३ मध्ये आला, १५ वॅटांचा. आणि १९५४ मध्ये म्युलार्ड या व्हॉल्व्ह कंपनीने ‘पाच-दहा’ नावाचा आराखडा दिला. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. एक ईएफ८६, एक ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि विजेचा प्रवाह सरळ करणारा एक. १९५९ मध्ये म्युलार्डने अशा आराखड्यांचे पुस्तकच काढले. आज चिनी असोत की युरोपीय, ईएल८४ वरचे बहुतेक छोटे अँप्लिफायर याच घराण्यातले.

मग ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ फळीवरून खांद्यावर गेला. बॅटरीवर चाले, तापत नसे, शेतात नेता येई. १९७० च्या दशकातल्या कृष्णधवल टीव्हीत काही व्हॉल्व्ह टिकून होते, नंतर तेही गेले. बेलने निर्वाताचे कसब मात्र सोडले नाही. प्रक्षेपकांच्या मोठ्या नळ्या १९६७ पासून होत्याच. १९७९ मध्ये पुण्यात निघालेल्या कारखान्यात रात्री पाहण्याच्या उपकरणांच्या नळ्या बनू लागल्या. घरच्या गाण्याचा व्हॉल्व्ह तेवढा यादीतून गेला. आज तो मुख्यतः रशियातल्या साराटोव्हहून, स्लोव्हाकियातल्या चाडत्साहून आणि चीनमधून येतो. २०२२ मध्ये रशियातून निर्यात थांबणार अशी बातमी आली तेव्हा काही आठवडे जगभर भाव चढले होते. जो व्हॉल्व्ह एकाच देशात बनतो त्यावर अँप्लिफायर घेऊ नये, हा धडा तेव्हा अनेकांना मिळाला. ईएल८४ तिन्हीकडे बनतो.

तर बेळ्ळंदूरच्या दिवाणखान्यात काय ठेवावे? हिशेब करून पाहावा. बारा बाय सोळा फुटांची खोली, एका वॅटला एका मीटरवर ८८ डेसिबल देणारे दोन साधे स्पीकर, आणि ऐकणारा तीन मीटरवर. मैफलीचा भास व्हावा पण बोलणेही ऐकू यावे, अशी पातळी साधारण ७५ डेसिबल. त्याला प्रत्येक स्पीकरमागे पाव वॅटही लागत नाही. तान एकदम वर गेली, पखवाजाची थाप पडली, तरी क्षणभर दोन-तीन वॅट. दहा वॅटांत हे सगळे सामावून वर शिल्लक राहते. दुप्पट वॅट घेतले तर वाढतात फक्त तीन डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवतील एवढेच. शिवाय गृहसंकुलाची भिंत मध्ये आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबलची. शंभर वॅटांची फुशारकी मग कुठे दाखवणार?

आवाजाच्या गोडव्याबद्दल फार अंधश्रद्धा आहे. व्हॉल्व्हमध्ये जादू नाही, दोष आहेत, पण ते सभ्य दोष आहेत. एकाच व्हॉल्व्हवर चालणारा शेवटचा टप्पा मूळ स्वराला त्याच्या दुप्पट कंपनांचा स्वर चिकटवतो, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. दोन व्हॉल्व्ह उलटसुलट जोडले, ज्याला पुश-पुल म्हणतात, की हा दोष बराचसा कटतो आणि तिप्पट कंपनांचा उरतो. षड्जाची तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पंचमाला जुळवलेल्या तंबोऱ्यात हे दोन्ही स्वर आधीपासूनच झंकारत असतात. ख्यालगायनाला व्हॉल्व्ह का मानवतो याचे एक कारण इथे असावे. मोठ्या वाद्यवृंदात, जिथे वीस स्वर एकाच वेळी वाजतात, तिथे हेच दोष एकमेकांत मिसळून आवाज गढूळ करतात. ज्याच्या घरी सिंफनीच जास्त वाजते त्याने ट्रान्झिस्टरचा चांगला अँप्लिफायर घ्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

एकाच ३००बी व्हॉल्व्हवर आठ वॅट देणारे महागडे संच सध्या मिरवले जातात. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा १९३८ चा व्हॉल्व्ह देखणा आहे आणि आवाजही सुंदर देतो, पण त्याला मोठे, जास्त संवेदनशील स्पीकर लागतात आणि ते फ्लॅटमध्ये मावत नाहीत.

खरे पैसे जातात ते काचेत नव्हे, लोखंडात. व्हॉल्व्हला हजारो ओमांचा भार लागतो, स्पीकर असतो चार किंवा आठ ओमांचा. दोघांची गाठ घालतो तो आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. उत्तम सिलिकॉन पोलादाच्या पट्ट्या, एकाआड एक गुंडाळलेले थर, आणि वजन. यात काटकसर केली की खर्ज हरवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ पासून बंगळुरूत विजेच्या मोटर आणि मोठे ट्रान्स्फॉर्मर बनवले, त्यामुळे तार गुंडाळणारे कारागीर या शहराला नवे नाहीत. जळालेली गुंडाळी नव्याने करून देणारा माणूस इथे अजून सापडतो, परदेशी सेवाकेंद्राची वाट पाहावी लागत नाही.

उष्णतेचाही विचार हवा. चार ईएल८४ आणि दोन ईसीसी८३ असलेल्या स्टिरिओ संचात नुसत्या तापण्यावरच वीसेक वॅट जातात, आणि गाणे लागले नसले तरी एकूण खर्च सत्तर-ऐंशी वॅटांच्या घरात. नागपूरच्या मे महिन्यात हे परवडणार नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे आणि तिथे वर्षातले बरेच महिने संध्याकाळी पंखाही लागत नाही. संच मात्र बंद कपाटात ठेवू नये. वीज जाऊन जनरेटर चालू झाला, की अँप्लिफायर लगेच पुन्हा न लावता थोडे थांबावे. जुना संच घेतला तर आतले कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावेत. आत अडीच-तीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात, म्हणून हौसेने पेचकस घालणाऱ्याने आधी शिकून घ्यावे. घरात लहान मूल असेल तर व्हॉल्व्हवर जाळीचे झाकण असलेलाच संच निवडावा. काच हात भाजण्याइतकी तापते.

बेळ्ळंदूरच्या घरासाठी चार ईएल८४ चा, प्रत्येक बाजूला दहा वॅट देणारा पुश-पुल संच पुरेसा आहे. उचलून पाहावा, हलका लागला तर परत ठेवावा. सोबत ८८ डेसिबल किंवा त्याहून जास्त संवेदनशील स्पीकर घ्यावेत आणि उरलेल्या पैशांच्या रेकॉर्ड घ्याव्यात.